ट्रॅक्टरची खांदेमळण

आमचा ट्रॅक्टर अगदी छोटा आहे. गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरांच्या शेजारी उभा केला की म्हशींच्या कळपात शिरलेल्या कोकरासारखा दिसतो. मोसंबीच्या दोन ओळींमधून फांद्यांना धक्का न लावता जातो, म्हणून मुलाने तो आणला. मागे गवत कापायचं यंत्र जोडतात, त्याला आम्ही नुसतं कटर म्हणतो. सीटच्या उजव्या बाजूला एक दांडी आहे. ती वर ओढली की मागचे दोन लोखंडी हात कटर उचलून धरतात, खाली ढकलली की अलगद टेकवतात. त्याला लिफ्ट म्हणायचं. ओळ संपली की कटर उचलायचं, ट्रॅक्टर वळवायचा, पुढच्या ओळीत टेकवायचं. कटर उचललंच नाही तर ट्रॅक्टर वळत नाही, बांध ओलांडत नाही, घरीही येत नाही.

चालवणारे आमचे हे. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, तेवढं पुरे झालं. ह्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. बाग ओढ्यापलीकडे, तिथवर पायी जाणं जमत नाही. सकाळी चहा झाला की काठी टेकत गोठ्यापर्यंत जायचं, ट्रॅक्टरवर चढून बसायचं आणि निघायचं. सीटवर बसले की गुडघे दुखणारा म्हातारा कुठल्या कुठे जातो. माझ्याशी बोलत नाहीत इतकं त्या ट्रॅक्टरशी बोलतात. "हां, हां, दमानं, दमानं," असं चाललेलं असतं. मी एकदा म्हटलं, तसं कधी माझ्याशी बोलला असतात तर माझंही आयुष्य दमानं गेलं असतं. त्यावर नुसते हसले.

पण गेल्या वर्षी चैत्रात एक गोष्ट घडली. हे ट्रॅक्टर घेऊन बागेत म्हणून गेले आणि सापडले तिसगावच्या रस्त्याला. कडेला इंजिन चालू ठेवून बसले होते. कुठे निघालात असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "तेच आठवतोय." त्या माणसाने मुलाला फोन केला. मुलगा चाकणला कंपनीत आहे, दुसऱ्याच दिवशी आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, आप्पांना विसरायला होतंय. मशीन आहे ते. आणखी एकदा असं काही केलं ना, तर मी किल्ली घेऊन जाणार. मग तू आडवी येऊ नको."

मी फाडकन म्हटलं, "त्यांना काही झालेलं न्हाई. ते पहिल्यापासून असेच हायेत. सोताच्या लग्नाची तारीख न्हाई आठवत त्यांना." आणि ते खरंही होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर हे ऐकेनात. मला काय धाड भरलीय, म्हणाले. मीही फार जोर केला नाही. मला वाटे, किल्ली गेली की हे ओट्यावर बसतील, आणि एकदा ओट्यावर बसलेला माणूस कसा होतो ते मी आमच्या आळीत घरोघर पाहिलं होतं.

पावसाळाभर जमीन चिखलाची, वाफसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टर गोठ्यातच होता. नवरात्र उलटलं, ऊन पडायला लागलं, बागेत गवत गुडघ्याच्या वर गेलं, तेव्हा हे पहिल्यांदा कटर घेऊन गेले. मी दुपारी भाकरी घेऊन गेले तर ट्रॅक्टर पहिल्याच ओळीच्या टोकाला उभा, इंजिन घरघरतंय आणि हे दांडी खालीवर करतायत.

"काय झालं?"

"उचलंना."

"म्हंजे?"

"म्हंजे उचलंना. आता ह्याच्यापरीस सोपं कसं सांगू?"

दांडी वर ओढली की सीटखालून कुंथल्यासारखा आवाज यायचा. कटर वीतभर उठायचं, थरथरायचं आणि पुन्हा गवतात बसायचं. मला धसका बसला, कारण मुलगा रविवारी येणार होता.

आम्ही दोघं कामाला लागलो. ह्यांना वाकता येत नाही, म्हणून हे सीटवरून हुकूम सोडणार आणि मी ट्रॅक्टर बंद करायला लावून खाली वाकणार. आधी वाटलं, कटरला गवत गुंडाळलं गेलंय, त्याने जड झालं असेल. मी विळ्याने सगळं कापून काढलं. काही फरक नाही. मग हे म्हणाले, कटर सोडून रिकामे हात उचलतात का बघू. कटर अडकवायच्या तिन्ही पिना मी काढल्या, एक हट्टाला पेटली होती तिला दगडाने ठोकली. ट्रॅक्टर हातभर पुढे घेऊन ह्यांनी दांडी ओढली. रिकामे हात वर आले खरे, पण थांबत थांबत, जिना चढणाऱ्या म्हातारीसारखे.

"दांडी तुटलेली न्हाई," हे म्हणाले. "तिचं म्हननं आत पोचतंय. आत ताकद न्हाई."

सगळ्यात आधी ऑइल बघायचं, असं ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने आम्हाला कितीदा पढवलं होतं. आम्ही ते सगळ्यात शेवटी पाहिलं. ह्या ट्रॅक्टरात गिअरचं आणि लिफ्टचं ऑइल एकच असतं. सीटच्या मागे झाकण आहे, त्याला लांब पट्टी. मी पट्टी ओढून पदराने पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल बरोबर खुणेपर्यंत होतं.

मला नवल वाटलं. उन्हाळाभर मागच्या सीलमधून थेंब थेंब गळत होतं, खाली मी पत्र्याचा डबा लावून ठेवला होता. वरून कुणी ऑइल घातलं नव्हतं. मग खुणेपर्यंत आलं कुठून? मी पट्टी नाकाजवळ नेली. ऑइलचा वास होताच, पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, माझ्या रोजच्या ओळखीचा. करडईच्या तेलाचा.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते.

पोळ्याच्या आधी मी घाण्यावरून करडईचं तेल आणलं होतं, दिवाळीपर्यंत पुरावं म्हणून. पोळा झाल्यावर पाहिलं तर डबा अर्ध्याच्या खाली गेलेला. सणाला माझी जाऊ आली होती. मी मनात तिच्यावर आळ घेतला आणि पुढे बरेच दिवस तिच्या फोनला धड उत्तरं दिली नाहीत. आता सगळं डोळ्यांसमोर आलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे कढलेले असतात, ते तूप-हळदीने मळायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं आवतण द्यायचं. ह्यांची शेवटची जोडी गेल्याला बरीच वर्षं झाली. ट्रॅक्टर आला त्या वर्षी हे तूप-हळदीची वाटी घेऊन गोठ्यात गेले आणि त्याच्या मागच्या दोन हातांना मळायला लागले. म्हणाले, वजन तर हेच उचलतात, मग हेच ह्याचे खांदे. मी पोट धरून हसले होते. मग दरवर्षी तेच व्हायला लागलं आणि मी हसायची थांबले.

पण बैलांना खांदेमळणीच्या दिवशी हे आणखी एक करायचे. बांबूच्या नळकांड्याने करडईचं तेल पाजायचे. कष्टाने आतून कोरडा पडलेला जीव ओला होतो म्हणायचे.

ट्रॅक्टर बागेतच ठेवला, ह्यांना एकाच्या मोटरसायकलवर घरी धाडलं आणि मी घरी आल्यावर सरळ गोठ्यात गेले. खुंटीवर ते नळकांडं होतं. इतकी वर्षं वाळून खडखडीत झालेलं नळकांडं आतून तेलकट होतं आणि त्या तेलावर धूळ चिकटली होती. मी ते हातात घेऊन उभी राहिले. मला भयंकर राग आला. माझं घाण्याचं तेल, मुलाचा ट्रॅक्टर, आणि हा माणूस त्याला बैलासारखं पाजतोय! त्या रागातच डोळे भरून आले. कारण ते तेल त्यांनी किती मायेने घातलं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने नळकांडं, आणि तोंडाने "दमानं, दमानं."

मी ह्यांना काही विचारलं नाही. माझं आयुष्य अंगणवाडीत गेलं. पोराने काही सांडलं की ते आधी छताकडे बघतं, हे मला पाठ आहे. ह्यांनी आभाळाकडे पाहिलं तेव्हाच मी समजले, ह्यांना ठाऊक आहे आणि लाज वाटतेय. लाजलेल्या माणसाला खोदून विचारू नये. नळकांडं मी चुलीत घातलं.

लिफ्ट बिघडल्याचं मुलाला गावातून कळलंच होतं; रविवारी तो आला आणि त्याने मिस्त्रीला सोबतच आणलं. मिस्त्री आमचा जुना, बोलघेवडा, तोंडात कायम सुपारी. सगळे बागेत गेलो, हे मोटरसायकलवर मागे बसून. मिस्त्रीने दांडी ओढली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंपाला प्यायला मिळंना. फिल्टर चोंदलाय." खाली घमेलं लावून त्याने ऑइल सोडलं, मग बाजूचं झाकण उघडून फिल्टर काढला. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पिवळसर चिकट थर बसला होता, तेलाचा डबा वर्षभर न घासता ठेवला की त्याच्या काठावर बसतो तसा.

मिस्त्रीने बोटावर घेतलं, हुंगलं, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "फिल्टर आधीच भरत आलेला हुता. पन ह्याच्यात काय घातलं हुतं? हे खायचं तेल हाय."

मुलाने वळून ह्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेला असता. त्याचा चेहरा एकदम पडला, बापाचा निकाल हातात आल्यासारखा. त्याचा हात किल्लीकडे गेला. किल्ली ट्रॅक्टरलाच होती.

"मी घातलं," मी म्हटलं.

"आई?"

"पट्टीवर कमी दिसलं, म्हनून घातलं. मला वाटलं, तेल ते तेल."

मिस्त्री फिस्सकन हसला. "मावशी, आता भजी बी ह्याच्यातच तळा."

मुलगा मात्र माझ्यावर असा उखडला की विचारू नका. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला, उद्या डिझेलच्या टाकीत ताक ओतशील, काय नि काय. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला मनातून बरं वाटत होतं. जितका माझ्यावर ओरडेल तितका तो किल्लीपासून लांब जात होता. मी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे टक लावून बघत होते, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं, आता कुठे ह्यांना बायकोची किंमत कळली.

मिस्त्रीने फिल्टर डिझेलमध्ये धुतला, आतली घाण काढली, नवं ऑइल भरलं, गळकं सीलही बदललं. ह्यांना वर बसवलं. दांडी ओढली आणि कटर एका दमात वर गेलं. खाली आलं, पुन्हा वर गेलं. ह्यांनी मडगार्डवर थाप मारली, "शाब्बास!" मुलगाही हसला. जाताना त्याने किल्लीचं नाव काढलं नाही. मला मात्र दोनदा बजावून गेला.

तिन्हीसांजेला आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी वाट पाहत होते. नाही म्हटलं तरी दोन गोड शब्दांची आशा होती. मग ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ह्यांचा हात असा उघड उघड, ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर माझ्या हातावर कधी आला नव्हता.

"तू कशाला घातलंस गं त्येल?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हटलं, "आता पुरे झालं. गेलं ना निभावून?"

"न्हाई, खरं सांग. तुला आठवतंय का, कवा घातलंस?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे चेष्टा नव्हती. लाज नव्हती. लपवलेलं काहीच नव्हतं. ह्यांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी आभाळाकडे पाहिलं ते नुसतंच आभाळाकडे पाहिलं होतं.

"आसू दे," हे म्हणाले. "वयमानानं हुतं आसं. मानूस इसरतं. तू मनाला लावून घिऊ नको. पोराला मी सांगतो, तिच्यावर वरडायचं न्हाई म्हनून. मी हाय ना. मी ध्यान ठिवीन तुझ्यावर."

आतापर्यंत मी मुलाशी भांडले, लोकांशी भांडले, ह्यांना काही झालेलं नाही म्हणून. आणि जे झालेलं नाही म्हणत होते, तेच माझा हात हातात घेऊन माझीच समजूत घालत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तेल तुम्ही घातलंत. पण त्या चेहऱ्यावर किती काळजी होती! ती काळजी माझ्यासाठी होती. मी म्हटलं, "ठेवा बाई लक्ष. मला अलीकडं काही सुचंना झालंय."

"रडू नको. डॉक्टरला दाखवू तुला," हे म्हणाले.

असे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. स्वतःसाठी डॉक्टरांचं नाव ऐकून न घेणारा माणूस माझ्यासाठी नगरला जायला पहाटे अंघोळ करून तयार बसला होता. आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "हिला इसरायला हुतंय. ट्रॅक्टरात गोडंत्येल घातलं हिनं." मी ह्यांच्या मागून डॉक्टरांना हाताने खूण केली, मला नाही, ह्यांना. डॉक्टर जाणते निघाले. म्हणाले, या वयात दोघांनाही तपासलेलं बरं. हे लगेच तयार झाले, मला धीर यावा म्हणून.

ह्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर मला म्हणाले, हाताला सवयीचं काम आहे ते चालू राहू द्या, पण एकटं सोडू नका. मी मुलाला फोनवर सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मी तुला नाही नाही ते बोललो त्या दिवशी." मी म्हटलं, ते राहू दे, किल्लीचं काय? तो म्हणाला, "किल्ली राहू दे. तू बरोबर जात जा."

बरोबर जायला मला काही निमित्त शोधावं लागलं नाही. हेच मला एकटीला घरी ठेवून जायला तयार नव्हते. आता रोज सकाळी चहा झाला की मला हाक मारतात. मी आधी चालत जाऊन ओढ्याच्या चढापाशी उभी राहते, म्हणजे हे भलत्या रस्त्याला लागत नाहीत. बागेत पोचलो की मी बांधावर मोसंबीखाली बसते, हे ओळ संपली की कटर उचलतात, वळतात, आणि वळताना मी जागेवर आहे ना ते बघून घेतात. मी हात वर करते. मग कटर टेकतं.

मुलगाही सामील झाला. उन्हाळ्यात आला तेव्हा ह्यांच्यादेखत मला दमात घेतलं, "आई, तेलाचा डबा इथून पुढं आप्पांच्या ताब्यात. तुझा भरवसा नाही." हे गंभीरपणे मान हलवत होते. मी पदर तोंडावर धरून आत गेले. हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळलं नाही.

आज खांदेमळण आहे. मी सकाळी तुपात हळद कालवून दिली. हे गोठ्यात स्टुलावर बसून लिफ्टच्या दोन्ही हातांना मळत होते, बारीक बारीक, एक सांधा न सोडता. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "त्येल पाजायचं न्हाई हां ह्याला. ध्यानात हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

"डबा मी ठिवलाय उचलून. तुझ्या हाताला लागनार न्हाई आसा."

"लई बरं केलंत. पन उद्या सण हाय, तळणाला लागंल. कुठं ठिवलाय?"

ह्यांचा हात लिफ्टवर थांबला. माझ्याकडे पाहिलं, गोठ्याच्या आढ्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. बोटांवरची हळद तशीच होती.

"आसू द्या," मी म्हटलं. "तुमी मळा."

मी शेजारणीकडून वाटीभर तेल आणलं आणि डाळ शिजत टाकली.